कार्डचोर साफ केला, तरी ये रे माझ्या मागल्या

“दादा, ते परत आलंय.”

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एक छोटं उपाहारगृह आहे. गल्ल्यावर तीन बिलिंग मशीन, मागच्या खोलीत तांदळाच्या पोत्यांशेजारी एक जुना संगणक, आणि हे सगळं एकहाती चालवणाऱ्या ताई. अशा दुकानांची बिलिंग यंत्रणा सांभाळणं हा माझा धंदा. जुलैत ताईंना त्यांचे कार्डाचे व्यवहार बघणाऱ्या कंपनीचा फोन आला. दुसऱ्या राज्यात काही कार्डांवर बनावट खरेदी झाली होती, आणि ती सगळी कार्डं त्याआधी ताईंच्या गल्ल्यावर वापरली गेली होती. मी गेलो, अँटिव्हायरस चालवला, कार्डांचे आकडे चोरणाऱ्या व्हायरसची (मी त्याला कार्डचोर म्हणतो) एक फाइल सापडली, ती उडवली, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं आणि चहा पिऊन घरी आलो. सप्टेंबरात तोच फोन. तीच फाइल, फक्त नाव बदललेलं.

हे लिहितोय ते ज्यांच्याकडे दुसऱ्यांदा झालंय त्यांच्यासाठी. पहिल्यांदाच झालं असेल तर उत्तम, पुढची खेप वाचेल. पहिल्या खेपेला मी जे केलं त्याला आपल्याकडे म्हण आहे: रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला. अँटिव्हायरसला सापडलेली फाइल म्हणजे चोर नव्हे, चोराने आत ठेवलेली पिशवी. पिशवी फेकली तरी ज्या दारातून तो आला ते उघडंच होतं.

आधी खात्री: हे तेच आहे का?

खंडणी मागणारा व्हायरस आला की पडदा लाल होतो, घड्याळ उलटं धावतं, सगळ्या गावाला कळतं. कार्डचोराचं उलट. त्याला महिनोन्‌महिने कुणाच्या नजरेस न पडता बसायचं असतं. वावा ही पेट्रोल पंप आणि किरकोळ दुकानांची इथली मोठी साखळी. तिच्या यंत्रणेत हा प्रकार ४ मार्च २०१९ नंतर पसरू लागला आणि सापडला १० डिसेंबरला. नऊ महिने. स्वतःची सुरक्षा टीम असलेल्या कंपनीची ही गत, मग मागच्या खोलीत एक संगणक असलेल्या दुकानदाराला कुठून कळणार?

म्हणून बहुतेक वेळा बातमी बाहेरूनच येते. फसवणूक झालेली कार्डं बँका एकमेकांवर ताडून पाहतात आणि सगळ्यांत समान असलेलं दुकान शोधतात. असा फोन आला की “आमच्या अँटिव्हायरसमध्ये तर काहीच दिसत नाही” असा वाद घालू नका. त्यांच्याकडे शेकडो कार्डांचा हिशेब असतो आणि तुमच्याकडे एक हिरवी टिकली.

तरीही मशीनवर खुणा असतात, बघायची सवय हवी. दुपारी तीनला दुकानात चिटपाखरू नसताना टास्क मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली चालू प्रक्रियांची यादी, उघडा. एखादी प्रक्रिया प्रोसेसरचा एक भाग सतत चावत बसली असेल तर थांबा. असा व्हायरस पुन्हापुन्हा मेमरी वाचत राहतो, आणि जुन्या मशीनला ते झेपत नाही. “हल्ली बिल निघायला वेळ लागतो” ही तक्रार मी आता हसण्यावारी नेत नाही.

नावावर मात्र जाऊ नका, जागेवर जा. २०१४ मध्ये बॅकऑफ नावाच्या कार्डचोराबद्दल अमेरिकी सरकारने इशारा काढला, आणि त्या ऑगस्टमध्ये सीक्रेट सर्व्हिसच्या अंदाजानुसार हजारावर व्यवसाय त्याने बाधित झाले होते. तो जावा या नेहमीच्या सॉफ्टवेअरच्या नावाने वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये राहायचा. खरं जावा राहतं प्रोग्रॅम फाइल्समध्ये. टास्क मॅनेजरमध्ये नावावर उजवी कळ दाबून ‘फाइल कुठे आहे ते दाखवा’ हा पर्याय घेतला की पाच सेकंदांत सोंग उघडं पडतं. ताईंच्या मशीनवर तर जावाचं कामच नव्हतं, तरी जावा होतं.

तिसरी जागा विंडोजच्या सुरक्षा नोंदींची. घटना क्रमांक ४६२४ शोधा आणि त्यात लॉगऑन प्रकार १० असलेल्या ओळी वेगळ्या काढा. म्हणजे कुणीतरी दुरून, रिमोट डेस्कटॉपने आत आलं. ताईंचं दुकान रात्री दहाला बंद होतं. नोंदी होत्या पहाटे तीनच्या. तेव्हाच क्रमांक ७०४५ सुद्धा बघून घ्या. नवी सेवा, म्हणजे मागे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, बसवली गेली की सिस्टिमच्या नोंदींत तो उमटतो.

एक खूण अशी आहे की ती ऐकून घाबरायला होतं, पण घाबरू नका. ब्राझीलमध्ये प्रिलेक्स नावाची टोळी आहे. तिच्या व्हायरसने टॅप करून पैसे देणंच अडवायला सुरुवात केल्याचं कास्परस्की या सुरक्षा कंपनीने २०२३ च्या सुरुवातीला जाहीर केलं. टॅपच्या व्यवहारात दर वेळी नवी, एकदाच चालणारी माहिती जाते, ती चोराच्या कामाची नाही. म्हणून पडद्यावर ‘त्रुटी, कार्ड आत घाला’ असा संदेश येतो. सगळ्यांचीच कार्डं टॅप होईनाशी झाली तर हे लक्षात असू द्या. मात्र मी पाहिलेल्या बहुतेक मशीनांत टॅप न चालण्याचं कारण तेलकट बोटं हेच निघालं.

तो चोरतो काय आणि कुठून

हे समजल्याशिवाय पुढचं सगळं अंधारात दगड मारण्यासारखं होईल, म्हणून थोडा वेळ इथे.

कार्डाच्या काळ्या चुंबकीय पट्टीवरच्या दुसऱ्या ओळीत जास्तीत जास्त ४० चिन्हं असतात: कार्डाचा क्रमांक, मग बरोबरचं चिन्ह, मुदत संपण्याचं वर्ष आणि महिना, तीन आकड्यांचा सेवा कोड आणि बँकेचे पडताळणीचे आकडे. एवढी ओळ मिळाली की कोऱ्या प्लास्टिकवर ती पट्टी पुन्हा लिहिता येते.

आता गंमत बघा. कार्ड उद्योगाचे सुरक्षा नियम सांगतात की साठवलेला क्रमांक वाचता येऊ नये आणि सार्वजनिक नेटवर्कवरून जाताना तो सांकेतिक असावा. दुकानदार दोन्ही पाळतो. पण कार्ड घासलं त्या क्षणापासून सॉफ्टवेअर तो आकडा सांकेतिक करेपर्यंत, डोळ्याचं पातं लवेल एवढा काळ, तो संगणकाच्या मेमरीत उघडा पडलेला असतो. पिठाची गिरणी आणि घर दोन्ही बंदिस्त, पण डोक्यावरच्या डब्याला झाकण नाही. चोर तिथेच उभा राहतो. चालू असलेल्या प्रक्रियांची यादी काढतो, त्यांची मेमरी वाचतो आणि ‘आकडे, बरोबर, आकडे’ असा साचा शोधतो. फोन नंबर किंवा बिल क्रमांक चुकून उचलले जाऊ नयेत म्हणून सापडलेल्या आकड्यावर लूनची बेरीजही करून पाहतो. ही तीच साधी पडताळणी, जी आयबीएमच्या हान्स पीटर लूनने १९५० च्या दशकात टंकलेखनाच्या चुका पकडण्यासाठी काढली होती.

सगळ्यात गाजलेलं प्रकरण टार्गेट या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळीचं. २७ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर २०१३, म्हणजे थँक्सगिव्हिंगची ऐन गर्दी, आणि चार कोटी कार्डं. चोर आत आले ते दुकानांच्या शीतयंत्रणेची कामं करणाऱ्या ठेकेदाराच्या लॉगिनने. आतला ब्लॅकपॉस नावाचा व्हायरस जमवलेला माल दिवसा, दहा ते पाचच्या वेळेतच हलवायचा, कारण तेव्हा नेटवर्कवर आधीच वर्दळ असते. पुढच्या वर्षी होम डेपो या दुसऱ्या मोठ्या साखळीची ५.६ कोटी कार्डं गेली, तिथेही दार पुरवठादाराच्या लॉगिनचंच. मोठी नावं मुद्दाम घेतोय, कारण ताईंच्या दुकानात आम्हाला शेवटी जे सापडलं ते याच जातीचं होतं.

“पण दादा, आपण तर चिपचं मशीन घेतलंय ना?” घेतलंय, आणि बरंच झालं. चिपमधून जाणारा पडताळणीचा आकडा पट्टीवरच्यापेक्षा वेगळा असतो. त्यामुळे चिपच्या व्यवहारातून चोरलेल्या माहितीवर बनावट पट्टी केली तरी बँकेने नीट तपासलं की ती नाकारली जाते. पण मशीन स्वतः ती माहिती सांकेतिक करत नसेल, तर क्रमांक आणि मुदत तरीही बिलिंगच्या संगणकात उघडीच पोचते. ढिसाळ ऑनलाइन दुकानांत तेवढ्यावर भागतं. शिवाय चिप वाचली गेली नाही की गल्ल्यावरचा पोऱ्या काय करतो? कार्ड घासतो.

परत का येतो

दुसऱ्या खेपेला मी ताईंना सांगितलं, आज चहा नको, आज रात्रभर बसायचंय. जे निघालं ते ज्या क्रमाने निघालं त्याच क्रमाने लिहितो.

सगळ्यात वरचं कारण लगेच सापडलं: व्हायरसची मुळं. विंडोज चालू होताना जे जे आपोआप उठतं ती सगळी यादी मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स हे साधन दाखवतं. त्यात सेवा, वेळापत्रकातली कामं, रजिस्ट्रीतल्या नोंदी सगळं येतं. एक फाइल उडवली तरी दुसरी नोंद तिला पुन्हा आणत होती. बॅकऑफचा तर एक तुकडा विंडोजच्याच एक्सप्लोररच्या प्रक्रियेत शिरून बसायचा, आणि मुख्य फाइल कुणी बंद पाडली की तिला पुन्हा उठवायचा. म्हणून असं मशीन ‘साफ’ करण्याच्या फंदात पडूच नका. डिस्क पूर्ण कोरी करायची, दुसरा उपाय नाही.

पण पहिल्या खेपेनंतर मी एक मशीन खरंच कोरं केलं होतं, आणि तेही पुन्हा बाधित झालं होतं. इथे माझं डोकं चालेना. मग तांदळाच्या पोत्यांकडे लक्ष गेलं. गल्ल्यावरची तिन्ही मशीनं रोज सकाळी मेनू आणि दर त्या मागच्या संगणकावरून ओढून घेतात. त्या संगणकावर कुणी कार्ड घासत नाही, म्हणून मी तो तपासलाच नव्हता. सगळ्या घरात फवारणी केली आणि मोरी विसरलो. त्याच्यावर विंडोजची दुकानांसाठीची जुनी आवृत्ती, पॉसरेडी ७, होती. तिचा नियमित आधार ऑक्टोबर २०२१ मध्येच संपला होता.

तिसरं कारण कबूल करायला लाज वाटते. जुलैत मी सगळे पासवर्ड बदलले होते. कुठून बदलले? त्याच मशीनवर बसून. हे व्हायरस बहुधा कळफलकावर काय टंकलं तेही टिपतात. म्हणजे नवा पासवर्ड मी चोराला हातोहात दिला. पासवर्ड बदलायचे ते नेहमी दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून, आणि बाधित मशीनं बाजूला काढल्यावर. हा क्रम उलटा झाला की बाकी सगळी मेहनत पाण्यात.

आणि पहाटे तीनच्या त्या नोंदी? त्या खात्याचं नाव ताईंचं नव्हतं, माझंही नव्हतं. बिलिंगचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या ठेकेदाराचं होतं. तो दुरून मेनू बदलतो, अडचणी सोडवतो. चौकशी केल्यावर कळलं की त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे त्या खात्याचा पासवर्ड एकच. कंपनीचं नाव आणि स्थापनेचं वर्ष, जोडून. एका दुकानात तो फुटला की सगळ्या दुकानांच्या किल्ल्या हातात.

हा ठेकेदार काही जगावेगळा नव्हता. २०१४ मध्ये जिमी जॉन्स या सँडविचच्या साखळीची २१६ दुकानं अशाच बाहेरच्या पुरवठादाराच्या चोरलेल्या लॉगिनमुळे बाधित झाली. त्याआधी काही रोमानियन चोरांनी दीडशेवर सबवे दुकानांच्या बिलिंग मशीनांत घुसून कार्डं चोरली होती. इंटरनेटवर उघडी असलेली रिमोट डेस्कटॉपची दारं शोधायची, सोपे पासवर्ड लावून पाहायचे, आणि आत गेल्यावर परत यायला एक चोरवाट ठेवून जायचं, असा त्यांचा खाक्या. त्यांच्या म्होरक्याला २०१३ मध्ये १५ वर्षांची शिक्षा झाली. ती ‘परत यायची वाट’ लक्षात ठेवा. तुमच्याकडे जे पुन्हापुन्हा येतंय ते तिथूनच येतंय.

कारखान्यातून येणाऱ्या पासवर्डचा एक किस्सा इथेच सांगून टाकतो. २०१५ मध्ये ट्रस्टवेव्ह या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की एका मोठ्या उत्पादकाच्या कार्ड मशीनांचा मूळ पासवर्ड सुमारे १९९० पासून १६६८१६ हाच आहे. दुकानदारांना वाटायचं, हा आकडा खास आपल्यासाठी दिलाय! आपल्या मशीनचा मूळ पासवर्ड बदललाय का, आज रात्री बघा.

मग करायचं काय, आणि कोणत्या क्रमाने

पहिली गोष्ट: मशीन बंद करू नका. हात शिवशिवतात, पण थांबा. व्हायरस मेमरीत असतो, वीज गेली की पुरावाही जातो. नेटवर्कची केबल काढा, वायफाय बंद करा आणि मशीन तसंच चालू ठेवा. धंदा थांबवायचा नसेल तर कार्ड कंपनीकडून स्वतंत्र, सिमकार्डवर चालणारं मशीन तात्पुरतं मागवा. रोखीवर एक संध्याकाळ काढली तरी आभाळ कोसळत नाही.

दुसरी: व्यवहार बघणाऱ्या कंपनीला आणि बँकेला लगेच कळवा, आणि विचारा की अधिकृत न्यायवैद्यक तपासनीस नेमायचा आहे का. ‘हो’ म्हणाले तर तो येईपर्यंत काहीही पुसू नका. उत्साहाच्या भरात सगळं कोरं करणारे दुकानदार नंतर “कधीपासून कधीपर्यंत?” या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाहीत, आणि मग सगळ्यात वाईट अंदाज धरला जातो. अमेरिकेत कार्डचोरीचा तपास सीक्रेट सर्व्हिस करते, त्यांच्या स्थानिक कार्यालयात फोन करता येतो. ग्राहकांना कळवण्याचे कायदे राज्यागणिक वेगळे आहेत. न्यू जर्सीत ग्राहकांच्या आधी राज्य पोलिसांना कळवावं लागतं, म्हणून घाईने दारावर पाटी लावायच्या आधी वकिलाशी बोला.

परवानगी मिळाली की सगळी मशीनं एकाच दिवशी कोरी करायची. एक आज, एक उद्या असं केलंत तर उद्याचं मशीन आजच्याला पुन्हा बाधित करेल. मागचा संगणक आधी. आणि विंडोज उत्पादकाकडून नव्याने उतरवून घ्यायचं. ठेकेदाराने ‘हे आमचं तयार पॅकेज’ म्हणून दिलेल्या पेन ड्राइव्हवरून नाही, जुन्या बॅकअपमधूनही नाही. बॅकअपमधून फक्त मेनू आणि विक्रीचे आकडे घ्यायचे, चालू होणारी एकही फाइल नाही. विंडोज १० चा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा नव्याने बसवायचंच आहे तर तिथे थांबू नका.

नेटवर्कचे तुकडे करा. ताईंकडे ग्राहकांचं वायफाय, कॅमेऱ्यांचा डबा, घरपोच ऑर्डरचे टॅब्लेट आणि बिलिंग मशीनं सगळी एकाच राउटरवर नांदत होती. बिलिंगला वेगळं नेटवर्क हवं, आणि त्याला बाहेर फक्त ठरलेल्या दोन-तीन पत्त्यांशीच बोलता आलं पाहिजे. ‘बाहेर जाणारं सगळं बंद केलंय’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांना एक सांगतो: २०१८ मध्ये सापडलेला यूडीपॉस हा व्हायरस कार्डांचे आकडे डीएनएसच्या, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता विचारणाऱ्या, प्रश्नांत लपवून बाहेर न्यायचा. पत्ता विचारण्याचं ते दार बहुतेक ठिकाणी सताड उघडं असतं. बिलिंग मशीन लांबलचक, निरर्थक अक्षरांचे पत्ते विचारत असेल तर ते पत्ते नाहीत, तुमच्या गिऱ्हाइकांची कार्डं आहेत.

एवढं करून मी स्वस्थ बसलो असतो, पण खरं औषध वेगळं आहे. कार्डाचा आकडा संगणकात येऊच द्यायचा नाही. कार्ड वाचणाऱ्या यंत्रातच तो सांकेतिक होतो, किल्ली फक्त व्यवहार बघणाऱ्या कंपनीकडे असते, दुकानात नसतेच. बिलिंगचा संगणक यंत्राला फक्त रक्कम सांगतो, यंत्र स्वतः बाहेर बोलतं आणि संगणकाला ‘मंजूर’ आणि शेवटचे चार आकडे परत देतं. मग चोर मेमरीत वर्षभर बसला तरी उपाशी. अशी यंत्रं घेताना एक प्रश्न लेखी विचारा: ही सोय आमच्या खात्यावर चालू केलेली आहे का? ‘यंत्रात सोय आहे’ आणि ‘सोय चालू आहे’ यांत फार अंतर आहे. ताईंचं आधीचं मशीनही ‘सोय असलेलं’ होतं.

तपासायची एक सोपी युक्ती. औषधांच्या दुकानातून एक प्रीपेड गिफ्ट कार्ड आणा. दुकान बंद झाल्यावर त्यावर एक डॉलरचं बिल करा, आणि लगेच टास्क मॅनेजरमधून बिलिंग सॉफ्टवेअरच्या मेमरीची प्रत काढून तिच्यात त्या कार्डाचा क्रमांक शोधा. सापडला तर चोरालाही सापडेल. काम झालं की ती प्रत पुसा. आणि हा प्रयोग खऱ्या गिऱ्हाइकाच्या कार्डावर कधीही करू नका.

फोनवरची ऑर्डर

आमच्या प्रयोगात क्रमांक सापडला नाही. ताईंनी पेढे काढले. तेवढ्यात फोन वाजला. नेहमीचे एक काका, शनिवारच्या पूजेला चाळीस जणांचं जेवण. ताईंनी खांद्याने फोन धरला आणि काकांनी सांगितलेला कार्डाचा क्रमांक बिलिंगच्या पडद्यावर कळफलकाने टंकला.

मी पेढा खाली ठेवला.

हा रस्ता मी पाहिलाच नव्हता. महागडं यंत्र शेजारी बसलेलं, आणि क्रमांक त्याला वळसा घालून थेट संगणकात. गिफ्ट कार्डाने पुन्हा प्रयोग केला, या वेळी क्रमांक टंकून. मेमरीत तो लख्ख सापडला. कळफलक टिपणाऱ्या व्हायरसला तर एवढाही त्रास नको. शिवाय शेजारी एक वही होती, तिच्यात गेल्या दिवाळीपासूनचे क्रमांक मुदतीसकट लिहिलेले. तिला व्हायरसची गरजच नव्हती.

आता फोनवरचा क्रमांक यंत्राच्या स्वतःच्या कळांवर टंकला जातो, नाहीतर काकांना पैसे भरायची लिंक जाते. वही ताईंनी माझ्यासमोर फाडली. तुमच्याकडे मशीनं दोनदा कोरी करूनही बँकेचा फोन येत असेल, तर व्हायरस शोधायच्या आधी एक दिवस गल्ल्याजवळ बसा. कार्डाचा क्रमांक कुठे बोलला जातो, लिहिला जातो, टंकला जातो ते नुसतं बघा.

भारतातल्या दुकानदारांसाठी

पुण्या-नाशिकचे मित्र विचारतात, आमच्याकडे हे आहे का? तिकडची मांडणी वेगळी आहे आणि या बाबतीत बरी आहे. कार्ड मशीन बँकेचं, वेगळं, सिमवर चालणारं. बिलिंगच्या संगणकाशी त्याचा बहुधा संबंधच नसतो. टॅपची छोटी खरेदी सोडली तर डेबिट कार्डाला दुकानात पिन लागते, आणि रिझर्व्ह बँकेने जुन्या पट्टीच्या कार्डांच्या जागी चिपची कार्डं द्यायला बँकांना २०१८ च्या अखेरची मुदत दिली होती. मेमरीतून ओरबाडण्याजोगं फारसं काही दुकानाच्या संगणकात येत नाही.

येतं ते आपल्याच हौसेने. काही मोठ्या दुकानांत कार्ड आधी बँकेच्या मशीनवर आणि मग हिशेब जुळवायला बिलिंगच्या कळफलकातल्या खाचेतून पुन्हा घासायची पद्धत होती. तशी पट्टी थेट संगणकात उतरते. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने या दुहेरी घासण्याविरुद्ध बजावलं. तुमच्या गल्ल्यावर अजून तसा कळफलक असेल तर तो भंगारात द्या, हिशेबाला पावतीवरचे शेवटचे चार आकडे पुरतात. लॉजच्या काउंटरवर कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवतात, तो याच वहीचा नवा अवतार.

भारतातले मोठे दरोडे पडले ते दुकानाच्या वरच्या मजल्यावर. २०१६ मध्ये सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांचा प्रश्न उभा राहिला तो हिताची पेमेंट सर्व्हिसेसच्या यंत्रणेतल्या व्हायरसमुळे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी गेले ते ऑगस्ट २०१८ मध्ये, एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या स्विचवर हल्ला करून. तिथे दुकानदार काही करू शकत नाही. ग्राहक मात्र करू शकतो. चूक बँकेचीही नाही आणि आपलीही नाही, अशा तिसऱ्याच ठिकाणच्या गळतीत तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं तर रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकावर बोजा पडत नाही. चौथ्या दिवशी गणित बदलतं. म्हणून आपण न केलेल्या व्यवहाराचा संदेश दिसला की आधी बँक, मग सायबर फसवणुकीची मदतवाहिनी १९३०.

ठेकेदाराशी बोलणं

तांत्रिक कामापेक्षा हे अवघड गेलं. ताईंनी त्याला तीन गोष्टी सांगितल्या: आमच्या दुकानाचा पासवर्ड फक्त आमचा असेल, लॉगिनला फोनवर येणारा दुसरा कोड लागेल, आणि दुरून आत येण्याचं दार एरवी बंद राहील. काम असेल तेव्हा त्याने फोन करायचा, ताई दार उघडणार, आणि काम झालं की तेव्हाच बंद करणार.

तो म्हणाला, “आम्ही मेनू रात्री बदलतो, तुम्ही झोपलेल्या असता.”

“मग सकाळी अकराला बदला,” ताई म्हणाल्या. “मी जागी असते.”